उत्तर : निपाणी-बेळगावच्या पोरांचे फॉर्म परत आलेत, झोनल दहा दिवसांवर

सर, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. कोल्हापुरातलं कॉलेज, जिमखान्याची नवी जबाबदारी, फुटबॉल संघात सीमाभागातली चार पोरं, झोनल म्हणजे कॉलेजांची विभागीय स्पर्धा तोंडावर आणि त्यांच्या फॉर्मवर 'एलिजिबिलिटी पेंडिंग'चा शेरा. ट्रायल्स, सराव, कोण कुठे खेळवायचा यावर लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच.

गोम अशी की 'एलिजिबिलिटी' म्हणजे पात्रता, हा एकच शब्द दोन टेबलांवर दोन अर्थांनी चालतो. एक खेळाची : क्रीडा विभागाचा फॉर्म, फोटो, जन्मतारीख, बारावीचं वर्ष, प्राचार्यांची सही-शिक्का. दुसरी शैक्षणिक : महाराष्ट्र बोर्डाबाहेरून आलेल्या मुलाचा प्रवेश विद्यापीठानं कायम करणं. तुमची पोरं कर्नाटकातून पीयूसी, म्हणजे तिथली बारावी, करून आलेली, म्हणजे तोवर प्रवेश तात्पुरताच. शेरा बहुधा या दुसरीचा आहे आणि तो क्रीडा विभागात कितीही हेलपाटे घातले तरी निघत नाही. आमचा एक अख्खा हंगाम याच घोळात गेला. हे टेबल त्या टेबलाकडे बोट दाखवणार, ते म्हणणार 'साहेब रजेवर आहेत', पण कागद नेमका कुठे अडकलाय हे सांगायला कुणी तयार नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, पुन्हा तिथेच जायचं असतं.

उद्या सकाळी आधी स्वतःच्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा की या चौघांचे पात्रता अर्ज विद्यापीठात गेलेत का. पुष्कळदा ते कॉलेजच्याच कपाटात असतात, कारण सगळ्या वर्गांचा गठ्ठा एकदम पाठवायची पद्धत. गेले असतील तर आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. नंबर हातात नसेल तर पुढे कुणी फाईल शोधत नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीच्या बोर्डाचा स्थलांतर दाखला) मूळच लागतं आणि पोरं हमखास झेरॉक्स आणतात. नावंही जुळवून बघा : एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, एवढ्यावरही अर्ज परत येतो.

दहा दिवसांत नाही झालं तर चौघांना संघाबाहेर बसवा. 'खेळवू, मग बघू' अजिबात नको. हरलेला संघ प्रोटेस्ट घालतो आणि एका अपात्र खेळाडूपायी जिंकलेली मॅच जाते, उरलेल्या पोरांचंही वर्ष जातं. हे माझं मत, नियमाचा शब्द यंदाच्या परिपत्रकातला धरा. वयाचंही तिथेच बघून घ्या; आंतरविद्यापीठ स्पर्धेला 1 जुलैला 25 पूर्ण झालेली चालत नाहीत, आणि एम.ए.ला आलेला एखादा जुना स्टॉपर (मधला बचावपटू) नेमका तिथे अडकतो.

झोनल बाद पद्धतीची असेल तर पेनल्टीचा सराव रोज शेवटी, पाय दमलेले असताना घ्या. पेनल्टी मारायला मैदानावर मॅच संपवणारेच लागतात. शेवटच्या पाच मिनिटांत दमला म्हणून तुमचा खात्रीचा मारणारा बाहेर काढलात तर तो बाकावर बसून बघणार. गोलकीपरला सांगा, किक बसेपर्यंत एक पाय तरी रेषेवर किंवा तिच्या मागे हवा.

पावसाळ्यातल्या काळ्या मातीत मोल्डेड स्टडमध्ये चिखल भरून बूट गुळगुळीत होतो, सहा स्क्रू-स्टडचा जोड निदान दोन्ही स्टॉपरना द्या. बॉलची हवा पंपाच्या गेजवर मोजा, अंगठ्यानं दाबून नाही, 0.6 ते 1.1 बार चालते, चिखलात मधली ठेवलेली बरी. मोज्यावर टेप लावायची तर मोज्याच्याच रंगाची, नाहीतर रेफ्री दारातच थांबवतो.

राहता राहिली तालीम, म्हणजे पोरं एरवी ज्या पेठेतल्या क्लबकडून खेळतात तो. पाटाकडील तालमीचा विंगर शिवाजी मंडळाच्या स्ट्रायकरला पास देत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्याला भाषण देऊन उपयोग नाही, सरावात दोघांना कायम एकाच बाजूला ठेवा. आणि झोनलच्या तारखा हातात घेऊन दोन्ही तालमींच्या कोचना एकदा चहाला भेटा. पोरं तुमच्या नोटिशीपेक्षा त्यांचा शब्द जास्त ऐकतात. राग मानू नका, सगळ्याच कॉलेजांत असं आहे.

आवक क्रमांक मिळाला की इथे कळवा, पुढचं टेबल कुठलं ते सांगतो.