चाक आणि भट्टी नसताना मैत्रिणीबरोबर घरी मातीची भांडी करायला सुरुवात कशी करावी?

चाक नाही, भट्टी नाही, क्लासही लावलेला नाही, आणि तरी मैत्रिणीला घेऊन मातीकाम करून बघायचंय, असं तुम्ही लिहिलंय. खुशाल सुरू करा. मी आणि माझी मैत्रीण गेली काही वर्षं आठवड्यातली एक दुपार याच्यासाठीच राखून ठेवतो. चाकाची तर मुळीच घाई करू नका. माती चाकाच्या मधोमध बसवायला शिकण्यातच कितीतरी दिवस जातात, शिवाय चाक एकच असलं की एकीनं काम करायचं आणि दुसरीनं बघत बसायचं. हातानं घडवताना दोघींचे हात एकाच वेळी मातीत असतात, गप्पाही सुरू राहतात.

मात्र भाजायचं कुठे हे आधी ठरवा, माती नंतर आणा. बरेच सिरॅमिक स्टुडिओ बाहेरच्यांच्या वस्तू भाजून देतात. त्यांची भट्टी किती तापमानाला लागते ते विचारा आणि त्याला चालेल अशीच माती घ्या. कमी तापमानाची माती १२०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत गेली तर वाकते, वितळते, खालच्या फळीलाही चिकटून बसते. घरच्या ओव्हनमध्ये हे काम होत नाही. मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटायलाच साधारण ५०० ते ६०० अंश लागतात. त्याआधी ती नुसती वाळलेली माती, पाण्यात टाकली की परत चिखल. पहिली भाजणी बहुधा १००० अंशांच्या आसपास करतात. भट्टीची सोय होत नसेल तर हवेत वाळणारी माती मिळते. तिचे मणी, झुमके, शोभेच्या वस्तू छान होतात, पण खाण्यापिण्याची भांडी तिची करू नका, वरून वार्निश लावलं तरीही.

पहिल्या दिवशी एकच काम करा, चिमटीची वाटी. मुठीत मावेल एवढा गोळा चांगला मळून घ्या, मधोमध अंगठा रोवा आणि तळाला बोटभर जाडी राहिली की थांबा. मग गोळा हातात फिरवत फिरवत, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाबत कड वर आणत जा. जाडी सगळीकडे सारखी हवी, पाऊण सेंटिमीटर पुरे. कडेला चिरा दिसायला लागल्या की हात आपसूक पाण्याच्या भांड्याकडे जातो. तिथे आवरा. जास्त पाण्यानं माती ढिली पडते आणि वाटी बसकण मारते. बोट जरासं ओलं करून चीर चोळून बुजवायची, एवढंच.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका कपाच्या कानानं. कप आदल्या दिवशीचा होता, चामड्यासारखा कडक झालेला. कान मी त्याच दिवशी वळला, मऊ, ओला. मैत्रिणीनं कप दोन्ही हातांत धरला, मी दोन्हीकडे सुईनं आडवेउभे ओरखडे काढले, मातीचा पातळ लगदा लावला आणि कान दाबून बसवला. इतका सुरेख बसला होता! दुसऱ्या दिवशी बघते तर वरच्या सांध्यावर केसाएवढी भेग, आणि संध्याकाळपर्यंत कान गळून पडलेला. माती वाळताना आकसते. कप निम्मा आकसून झाला होता, कानाचं आकसणं तेव्हा कुठे सुरू होत होतं. मग त्याची ओढ सांध्यावर आली. तेव्हापासून जोडायचे दोन्ही भाग आम्ही सारख्याच ओलाव्याला येऊ देतो, जोडल्यावर प्लास्टिकखाली ठेवून हळूहळू वाळवतो, आणि कानावर प्लास्टिकचा जास्तीचा एक तुकडा टाकतो, कारण बारीक भाग आधी वाळतो.

फसलेलं काही फेकू नका. भाजलेलं नसेल तोवर माती वाया जात नाही. वाटी पूर्ण खडखडीत वाळू द्या आणि मग पाण्याच्या बादलीत सोडा. बुडबुडे येतात, कड आधी सुटते, मग भिंती पापुद्र्या-पापुद्र्यांनी ढासळतात आणि थोड्या वेळात तळाशी फक्त मऊ ढीग उरतो. अर्धवट ओली टाकली तर मात्र गठ्ठेच राहतात. वरचं पाणी काढून हा गाळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर पसरला की लादी पाणी ओढून घेते आणि माती पुन्हा मळण्याजोगी होते. हे पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. आणि सांडलेली माती झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना वाईट.

मैत्रिणीबद्दल एकच सांगते. दोघींनी मिळून एक वस्तू करण्यापेक्षा एकाच मातीच्या दोन वस्तू करा, आणि तिच्या वाटीला तिनं सांगितल्याशिवाय हात लावू नका. माझी मैत्रीण जाड, बुटकी भांडी करते. सुरुवातीला मी त्यांच्या कडा पातळ करून द्यायला जायचे. एकदा तिनं शांतपणे वाटी माझ्या हातातून परत घेतली. आज माझ्या टेबलावर पेन ठेवायला तिचंच भांडं आहे. माझी पातळ भांडी लवंडतात, ते कधी लवंडलेलं नाही.

आणि हो, माती ओली असतानाच बुडाशी आपापलं अक्षर कोरून ठेवा. आमच्या पहिल्या खेपेच्या सहा वाट्या भाजून आल्या, तेव्हा त्यातल्या दोन कोणाच्या हे आम्हाला आजतागायत ठरवता आलेलं नाही.