लसूणघासावर मावा: आधी विळा, मग पंप

कागल भागातून एकांनी विचारलंय, अर्ध्या एकर लसूणघासावर मावा चढलाय, शेंडे चिकट झालेत, दुकानदार म्हणतोय कडक औषध देतो, मारू का? आणि करवीरमधनं एक प्रश्न, न्यूझीलंडला क्लोव्हरच्या (लसूणघासासारखंच चाऱ्याचं पीक) कुरणात किडीवर माशी सोडतात म्हणे, ती आपल्याला मिळंल का?

दादा, कडक औषध नको. ही वैरण आहे, आज फवारलेलं चार दिवसांनी म्हशीच्या गव्हाणीत आणि तिथनं दुधात. घास कापणीला आठवडाभर कमी असला तरी कापून घ्या, मावा कोवळ्या शेंड्यावरच बसतो, बराचसा त्याच्याबरोबर निघून जातो. फक्त सगळा प्लॉट एका दिवसात मोकळा करू नका, पट्ट्यापट्ट्यानं कापा, कारण राखणदारही, म्हणजे मावा खाणारे किडे, त्यातच असतात आणि त्यांना सरकायला जागा पाहिजे. लेडीबर्ड सगळे ओळखतात, पण तिची अळी बारक्या मगरीसारखी, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, आणि आपली माणसं हीच कीड म्हणून चिरडतात! मावा खाण्यात ती एक नंबर. फुगून तपकिरी, कोरडा झालेला मावा दिसला तर त्यालाही हात लावू नका, त्याच्या पोटात परोपजीवी माशीची अळी वाढत असते.

तरीही वाढलाच तर व्हर्टिसिलियम या मावा मारणाऱ्या बुरशीची पावडर, लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, आणि मारायची ऊन उतरल्यावर. बुरशीला ओल लागते, भर दुपारी मारली तर पैसे उन्हात गेले. त्यात बुरशीनाशक मिसळू नका (हे सांगूनही मिसळतात), पाकिटावरची तारीख बघून घ्या.

आता न्यूझीलंडचं. तिथं १९९६ ला क्लोव्हरच्या मुळावरचा सोंडकिडा सापडला, बाहेरनं आलेला. त्याची अळी मुळावरच्या गाठी खाते, ज्या गाठी हवेतला नत्र धरतात त्याच. मग आयर्लंडहून बारकी माशी आणून २००६ पासून सोडली, ती सोंडकिड्यात अंडं घालते आणि किड्याची मादी वांझ होते. पण ती सोंडकिड्याची माशी, आपल्या माव्याकडं ढुंकूनही बघणार नाही, शिवाय परदेशी कीटक सरकारी परवानगीशिवाय आणताच येत नाही.

आणि लांब कशाला जायचं, २००२ नंतरचा उसाचा लोकरी मावा आठवतोय ना? फवारून फवारून सगळे दमले, शेवटी डिफा या पतंगाच्या अळीनं आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या किड्यानं त्याला खाल्लं, अळ्या असलेली पानं तोडून या फडातनं त्या फडात नेत होतो आपण.

तर उद्या सकाळी घासात बसून दहा शेंडे नीट बघा, मावा किती आणि मगरी किती ते कळवा, मग पावडर आणायची का ते ठरवू.