इंडोनेशियातली रूढींना प्रश्न विचारणारी कला: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की इंडोनेशियातली आजची कला तिथल्या रूढींना आणि दडपणांना कशी भिडते, आणि नवख्याने आधी काय पाहावं. मी म्हणेन, एफ. एक्स. हार्सोनो यांच्यापासून सुरुवात करा.

1977 साली त्यांनी प्रदर्शनात 'कृपुक'चा ढीग मांडला. कृपुक म्हणजे तिथे रोजच्या जेवणात कुडुमकुडुम खातात तो, आपल्या पापड-मिरगुंडांच्या जातीतला तळलेला पदार्थ. फक्त यांचा रंग गुलाबी आणि आकार पिस्तुलाचा! शेजारी टेबल, वही आणि एक प्रश्न: हे कृपुक खरी पिस्तुलं असती तर तुम्ही काय केलं असतं? उत्तर बघणाऱ्याने वहीत लिहायचं. सुहार्तोंची लष्करी राजवट होती, बंदुकीबद्दल चारचौघांत बोलायची सोय नव्हती. त्या काळात या माणसाने येणाऱ्याजाणाऱ्याला लिहायला बसवलं, याचं मला फार मोल वाटतं.

अरहमयानी यांचं कामही जरूर बघा. 1994 साली जकार्तात त्यांनी काचेच्या एकाच कपाटात कुराण, बुद्धमूर्ती, कोका-कोलाची बाटली आणि कंडोम शेजारी शेजारी ठेवले. त्याच प्रदर्शनात 'लिंग-योनी' नावाचं चित्र होतं; हे शब्द आपल्याला समजावून सांगायला नकोत. त्यांना धमक्या आल्या आणि काही काळ देश सोडावा लागला.

पण मी पुन्हा पुन्हा पाहतो तो हार्सोनो यांचा 2011 चा व्हिडिओ, 'पावसात लिहिताना'. ते चिनी वंशाचे. सुहार्तोंच्या काळात चिनी शाळा बंद झाल्या, चिनी लिपी सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली, लोकांवर इंडोनेशियन नावं घ्यायचा दबाव आला. त्यांनीही ऐन तारुण्यात नाव बदललं. व्हिडिओत ते काचेमागे बसून ब्रशने आपलं जुनं, तीन चिनी अक्षरांचं नाव काचेवर लिहितात. परत लिहितात. मग वरून पाणी पडू लागतं.

घाईत असाल तर तो लावू नका, आणि लावलात तर अर्ध्यावर सोडू नका. अक्षरं ओघळून जातात, काच धुऊन निघते, आणि त्यांचा हात तरीही लिहीत असतो.