जाळ संपला, पण आग विझली का?

पानगळ सुरू झाली की परसातल्या आणि बांधावरच्या पाल्याची विचारणा सुरू होते. आलेल्या प्रश्नांपैकी हा आधी घेतो, कारण यात नुकसान झालंय आणि प्रश्नही नेमका आहे.

प्रश्न : परसातला पालापाचोळा आणि छाटणीच्या फांद्या एकत्र करून संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवल्या. रात्री जाळ संपला, नुसती राख उरली, म्हणून झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावरचं गवत पेटलं आणि चाऱ्याची गंजी गेली. विझलेली आग परत पेटली कशी?

दादा, जाळ संपला होता, आग विझली नव्हती. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो आणि तो पेटतो, त्याचा जाळ दिसतो. वायू संपला की जाळ बसतो, पण मागे राहिलेला कोळसा धुमसतच असतो. वर राखेची गोधडी पडली की आतली ऊब बाहेर जात नाही आणि धुमसण्यापुरती हवा मात्र झिरपत राहते. तुमच्या ढिगात छाटणीच्या फांद्या होत्या. जाड लाकूड असलेला ढीग दोन-तीन दिवससुद्धा पोटात निखारा धरून बसतो. खाली जुनं खत, भुसा किंवा वाळकं मूळ असेल तर विस्तव जमिनीखालून सरकत जातो आणि पलीकडे कुठेतरी डोकं वर काढतो.

आता दुपारचं बघू. गवत, पानं, पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या यांचा ओलावा हवेबरोबर तासाभरात बदलतो. जाड ओंडक्याला त्यासाठी आठवडे लागतात. म्हणून पहाटे दवानं भिजलेलं, काडी लावूनही न पेटणारं गवत दुपारी दोन वाजता ठिणगीची वाट बघत असतं. तुमचा निखारा रात्री होता तसाच होता, भोवतालचं गवत तेवढं बदललं. त्यात वारा सुटला किंवा एखादी वावटळ राखेवरून गेली, की निखारा उघडा पडतो.

वारा पडल्यावर पेटवलंत हे ठीक, पण संध्याकाळची वेळ मला पटत नाही. दिवसभराचा थकवा असतो, जेवणाची वेळ होते आणि राखणीला कोणी उरत नाही. धूरही गार हवेत खालीच दाटून घराघरांत शिरतो. पेटवायचंच असेल तर दव सुकता सुकता पेटवा, ऊन तापायच्या आत जाळ संपवा आणि पुढचा वेळ विझवण्यासाठी राखून ठेवा. त्या दिवशी वारा वाढायचा अंदाज असेल तर काडीपेटी घरातच राहू द्या. उघड्यावर जाळायला तुमच्याकडे परवानगी लागते का, की बंदीच आहे, हेही आधी विचारून घ्या.

विझवताना पाणी मारा, फावड्यानं राख उलथा, पुन्हा पाणी मारा. वाफ आणि चरचर थांबेपर्यंत हेच करायचं. मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा, ऊब लागेल तिथं पुन्हा पाणी. नुसती माती टाकून मोकळं होऊ नका. मातीखाली विस्तव झाकला जातो आणि आपल्याला वाटतं विझला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फेरी मारायचीच.

ढीग लहान ठेवा. डोक्याएवढा रचून पेटवण्यापेक्षा कमरेच्या खालचा पेटवून त्यात थोडं थोडं टाकत राहणं कधीही बरं, कारण जाळ किती उंच जाणार हे मग तुमच्या हातात राहतं. भोवती किमान १० फूट जागा माती दिसेपर्यंत खरवडलेली हवी. घर, गोठा, गंजी ५० फुटांच्या आत नको. वर विजेची तार नको, झाडाची फांदीही नको. ठिबकच्या नळ्या जवळून गेल्या असतील तर आधी गुंडाळून बाजूला ठेवा, ही गोष्ट हमखास विसरली जाते. आणि पाण्याचा पाइप काडी लावायच्या आधी सोडून बघा. मोटार चालत नाही हे आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

ओला पाला पेटत नाही म्हणून पेट्रोल ओतणाऱ्यांना तर हात जोडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि तुमच्या पायापर्यंत आलेली असते. काडी ओढली की ढिगाच्या आधी माणूस पेटतो.

प्रश्न : आग पसरू लागली तर आधी पाणी आणायचं की लोक बोलवायचे?

आधी अग्निशमन दलाला फोन आणि शेजारी हाक. 'मी आवरतो' म्हणण्यात गेलेली दोन मिनिटं परत मिळत नाहीत. लहान मुलं, म्हातारी माणसं बाहेर काढा, गुरं सोडा. जाळ गुडघ्याएवढा असेल तर ओलं पोतं किंवा हिरवा फाटा घेऊन बाजूनं कडा दाबत चला. आपटू नका, आपटल्यानं ठिणग्या पुढे उडतात. पाठीशी जळून काळी झालेली जागा असू द्या, तिथं पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि उतार असेल तर आगीच्या वर तर नाहीच. ज्वाळा वरच्या बाजूचं गवत आधीच तापवतात, त्यामुळे चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते. जाळ कमरेच्या वर गेला की मागे फिरा. गंजी पुन्हा रचता येते.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा आणि दवाखाना गाठा. शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नका.

प्रश्न : जाळायचं नाही म्हणता, मग एवढ्या पाल्याचं आणि काटेरी फांद्यांचं करायचं काय?

ताई, पाल्याची मला काळजी नाही. तो झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंच पसरा, खोडापासून वीतभर मोकळं सोडून. उरला तर शेणकाल्यात भिजवून तीन-चार फूट उंच ढीग लावा आणि पंधरा दिवसांनी एकदा वरखाली करा. मूठ दाबली की थेंब-दोन थेंब पाणी यावं, इतकीच ओल. चार-सहा महिन्यांत खत हाती येतं. पाला जाळला की त्यातलं नत्र धुरात जातं, हे विकतचं खत आणताना आठवत नाही.

काटेरी फांद्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर सोपं उत्तर नाही. त्या कुजायला वर्षं घेतात. तुकडे करणारं यंत्र चार-पाच जणांत मिळून भाड्यानं मिळालं तर उत्तम. नाहीतर पाणी वाहून माती जाते अशा घळीत आडव्या दाबून टाका, गाळ अडतो. रोगट फांद्यांसाठी मात्र खोल खड्डा किंवा जाळणं, हे मलाही मान्य आहे. कण्हेर त्यात टाकू नका, तिचा धूरही विषारी असतो.

प्रश्न : पाचोळ्याची राख भाजीच्या वाफ्यात घातली, आता कोवळी पानं पिवळी पडलीत.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता समजा. राख अल्कधर्मी असते. जास्त पडली की जमिनीतलं लोह मुळांना मिळेनासं होतं. आता राख थांबवा, वाफ्यात चांगलं कुजलेलं खत मिसळा आणि लोह देणाऱ्या फेरस सल्फेटच्या फवारणीआधी एकदा मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी ते) तपासून घ्या. उरलेली राख युरियात किंवा ताज्या शेणात मिसळू नका, त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आणि ती साठवायची असेल तर पत्र्याच्या डब्यात, पूर्ण गार झाल्यावरच. राख गार झाली असं समजून ती पोत्यात भरून गोठ्यात ठेवणारे मी पाहिलेत.