जुना गेमिंग संगणक अपग्रेड करावा की नवाच असेंबल करावा?

आपण लिहिले आहे की २०१७ मध्ये असेंबल केलेल्या आपल्या संगणकात इंटेलचा आय५-७५०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आहे. मॉनिटर १०८०पीचा आहे. नवे गेम अडखळतात. आणि नुसते ग्राफिक्स कार्ड बदलून भागेल की सगळाच संगणक नवा घ्यावा, हे ठरत नाही. माझे मत असे की आपल्याला पूर्ण नवा संगणक लागणार नाही, पण एकट्या ग्राफिक्स कार्डानेही भागणार नाही. आधी कार्ड आणि एसएमपीएस घ्यावा, नंतर मदरबोर्ड व प्रोसेसर बदलावा, आणि रॅम, एसएसडी, कॅबिनेट हे सर्व तसेच ठेवावे. या मताला मी कसा आलो ते सविस्तर सांगतो, म्हणजे आपल्या मोजमापातून काही वेगळे निघाले तर आपल्याला निर्णय स्वतःच बदलता येईल.

‘अपग्रेड की नवा’ असा प्रश्न विचारला की दोनच टोके डोळ्यांसमोर येतात. मी ओळखीच्या लोकांचे संगणक पाहतो तेव्हा एवढेच तपासतो, की जो भाग कमी पडतो आहे तो बदलायला गेल्यास त्याच्यासोबत आणखी किती भाग बदलावे लागतात. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर हे सुटे भाग आहेत. ते आज घेतले तरी पुढच्या संगणकात जसेच्या तसे जातात, त्यामुळे त्यांच्यावरचा खर्च सहसा वाया जात नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम मात्र एकमेकांना बांधलेले असतात. प्रोसेसर सॉकेटशी (बोर्डावरच्या त्याच्या बसण्याच्या जागेशी) आणि चिपसेटशी जुळावा लागतो, तर मदरबोर्डावर रॅमची डीडीआर४ ही पिढी चालेल की डीडीआर५ हे बोर्ड तयार होतानाच ठरलेले असते. अडचण सुट्या भागांत असेल तर अपग्रेडबद्दल फार विचार करावा लागत नाही. ती या बांधलेल्या त्रयीत असेल तरच ‘नवा संगणक’ हा विषय निघतो, आणि तेव्हाही त्रयीपैकी एखादा भाग वाचवता येतो का, हे पाहावे लागते.

म्हणून खरेदीआधी मोजमाप करावे. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रे) हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात प्रोसेसरला गेममधल्या हालचालींचा, टकरींचा, पात्रांच्या वर्तनाचा हिशेब करून कार्डाला चित्र काढण्याच्या सूचना द्याव्या लागतात आणि कार्डाला ते चित्र काढावे लागते. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे मोफत सॉफ्टवेअर लावून गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावे. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम कमी मिळत असतील तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. प्रोसेसरच्या एकूण वापराच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नये, कारण एकच थ्रेड (प्रोसेसर एका वेळी हाताळतो ती कामाची एक ओळ) पूर्ण भरून गेम अडला तरी आठ थ्रेडच्या प्रोसेसरचा एकूण आकडा मामुली दिसू शकतो. याहून सरळ चाचणी म्हणजे त्याच गेममध्ये, त्याच ठिकाणी उभे राहून फक्त रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणणे. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडत होते. जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. या चाचणीत बाकीच्या सेटिंग्ज हलवू नयेत, कारण गर्दीची घनता किंवा दूरचे दृश्य यांसारख्या सेटिंग्जचा भार प्रोसेसरवरही पडतो आणि मग निष्कर्ष गढूळ होतो.

याच वेळी काही फुकटातल्या किंवा स्वस्तातल्या गोष्टी तपासून घ्याव्यात. १६ जीबी रॅमची एकच स्टिक असेल तर मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि प्रोसेसर उगाच उपाशी राहतो. गेम हार्ड डिस्कवर असतील तर मोकळ्या जगाच्या गेममधले अडखळणे बरेचसे तिथूनच येत असते. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, हार्ड डिस्क १५०-२०० च्या आसपास थांबते, आणि छोट्या छोट्या फायली वाचताना तर ही दरी कितीतरी रुंद होते. पंख्यांतली धूळ काढावी आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी.

आता आपल्या प्रोसेसरकडे वळतो. आय५-७५०० मध्ये ४ कोअर (हिशेब करणारी स्वतंत्र केंद्रे) आणि ४च थ्रेड आहेत, आणि आजच्या मोठ्या गेममध्ये ते चारही भरून जातात. अशा वेळी सरासरी एफपीएस (सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो, पण मधूनच एखाद्या फ्रेमला नेहमीच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो, आणि आपण ज्याला अडखळणे म्हणता ते हेच. आपल्या बोर्डावर फार तर आय७-७७०० किंवा ७७००के बसेल. त्यात थ्रेड आठ होतात, कोअर चारच राहतात, आणि त्या बोर्डासाठी यापुढे काहीच नसल्यामुळे जुन्या बाजारात हे प्रोसेसर त्यांच्या वकुबापेक्षा महाग विकले जातात. आठव्या पिढीचे सहा कोअरचे प्रोसेसरही एलजीए११५१ याच नावाच्या सॉकेटचे आहेत, हे पाहून अनेकांची फसगत होते. इंटेलने त्यांच्यासाठी ३०० मालिकेचे चिपसेट सक्तीचे केले, त्यामुळे बी२५० वर ते चालत नाहीत. शिवाय विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडता बाकीचे नाहीत, आणि आय५-७५०० त्या अपवादांत नाही. एवढ्या कारणांमुळे या बोर्डावर आणखी पैसे घालावेत असे मला मुळीच वाटत नाही.

त्याच वर्षी आपण एएमडीचा रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड घेतला असता तर माझे उत्तर पूर्ण वेगळे झाले असते. एएम४ हा त्या बोर्डाचा सॉकेट विलक्षण दीर्घायुषी निघाला. अशा बहुतेक बोर्डांवर बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ५ ५६००, अगदी ५८००एक्स३डीसुद्धा बसतो, आणि एका प्रोसेसरच्या खर्चात संगणकाला नवे आयुष्य मिळते. हे वाचणाऱ्या कोणाकडे एएम४ बोर्ड असेल तर त्यांनी बोर्डाच्या उत्पादकाची प्रोसेसरची यादी पाहावी, जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच बायोस अद्ययावत करावा, आणि इथून पुढचे सगळे सोडून दिले तरी चालेल.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फारसा संशय नाही. जीटीएक्स १०६० हे २०१६ चे कार्ड त्याच्या काळात उत्तम होते, पण त्यात रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशाचे मार्ग मोजून चित्र काढण्यासाठी) वेगळे हार्डवेअर नाही, आणि २०२४ च्या अखेरीपासून असे काही मोठे गेम आले आहेत ज्यांना त्या हार्डवेअरशिवाय चालायचेच नसते. एनव्हिडियाने या पिढीसाठी गेमनिहाय सुधारणा देणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट मिळतात.

नवे कार्ड निवडताना एक मुद्दा खास आपल्या बोर्डामुळे महत्त्वाचा ठरतो, आणि बहुतेक परीक्षणांत तो दिसत नाही, कारण ती परीक्षणे नव्या बोर्डांवर केलेली असतात. कार्ड बसवण्याचा आपला स्लॉट पीसीआयई या जोडणीच्या ३.० आवृत्तीचा आहे. मध्यम किमतीची अनेक नवी कार्डे १६ ऐवजी ८ लेनच (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) वापरतात, पीसीआयई ४.० किंवा ५.० वर ते खपून जाते, पण ३.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबीच. कार्डाची स्वतःची मेमरी पुरेशी असेल तर याचा परिणाम थोडाच जाणवतो. ती भरली की जादा माहिती त्याच अरुंद वाटेने मुख्य रॅममधून ये-जा करू लागते आणि फ्रेम कोसळतात. म्हणून ८ जीबी मेमरी आणि ८ लेन अशा जोडीचे कार्ड आपण टाळावे. १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी १६ लेन वापरते आणि त्याची वीजखपत सुमारे १६० वॅट आहे. आपल्या गरजेला ते नेमके बसते असे मला वाटते. सेकंड हँड बाजारात १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० मिळाले तर तेही १६ लेनचेच आहे, फक्त वेगाने बरेच मागे आहे. इंटेलची आर्क कार्डे मात्र सध्याच्या बोर्डावर घेऊ नयेत. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय नसेल तर त्यांचा वेग फार घटतो, आणि आपल्या पिढीच्या बोर्डांत ती सहसा नसते. कॅबिनेटमधली जागा मोजूनच कार्डाची लांबी ठरवावी.

एसएमपीएस सुद्धा कार्डासोबतच बदलावा. ४५० वॅट हा आकडा कदाचित पुरेल, पण इतकी वर्षे चाललेल्या एसएमपीएसवर नवे महागडे कार्ड टांगण्याची माझी तयारी नसते. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅट एवढी मर्यादा ठरलेली आहे. ८ पिन नसल्यामुळे कन्व्हर्टर लावून काम भागवणे म्हणजे ती मर्यादा जाणूनबुजून ओलांडणे. ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेबद्दल आहे, आतल्या संरक्षक योजनांबद्दल नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कार्ड बसवल्यावर सेटिंग्ज वाढवता येतील, चित्र सुंदर दिसेल, पण अडखळणे बहुधा पूर्ण जाणार नाही. इथे दुसरा टप्पा येतो, आणि माझ्या मते याच टप्प्यावर सर्वाधिक पैसे वाचू शकतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत, त्यामुळे डीडीआर५ घेणे भाग पाडणारा कोणताही पर्याय एकदम जड होतो. आपल्याकडे १६ जीबी डीडीआर४ आहे. एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. त्यांतला डीडीआर४ चा बोर्ड आणि आय५-१२४००एफ घेतला तर ६ कोअर, १२ थ्रेड आणि विंडोज ११ हे सगळे जुन्या रॅमवर मिळते. एएम४ बोर्डावर रायझन ५ ५६०० हा दुसरा पर्याय. दोहोंत निवड करण्यापूर्वी रॅमच्या स्टिकवरचा वेग नीट वाचावा. बी२५० बोर्ड मेमरीला २४०० च्या वर जाऊच देत नाही, त्यामुळे ३००० किंवा ३२०० ची स्टिकही आजवर २४०० वर चालत आली असेल, आणि नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करताच तिचा खरा वेग मिळेल. स्टिक मुळातच २४०० ची असेल तर मी इंटेलकडे झुकेन, कारण रायझनच्या अंतर्गत जोडणीचा वेग मेमरीच्या वेगाशी बांधलेला असतो आणि मंद रॅमचा फटका त्याला अधिक बसतो.

हे दोन्ही सॉकेट आता पुढे जाणारे नाहीत, हा आक्षेप खरा आहे. एएमडीच्या एएम५ वर पुढे आणखी प्रोसेसर येत राहतील, आणि आपल्याला आज मोठा खर्च करून दर तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलत जायचे असेल तर एएम५ अधिक शहाणपणाचे ठरेल. पण आपण एक संगणक आठ-नऊ वर्षे वापरणाऱ्यांपैकी दिसता. अशा माणसाला पुढच्या प्रोसेसरची सोय क्वचितच उपयोगी पडते, कारण तोवर मेमरीची पिढीही बदललेली असते. डीडीआर३ चा संगणक असता, किंवा बोर्ड व एसएमपीएस वेगळ्याच मापाचे असणारा तयार ब्रँडेड डेस्कटॉप असता, तर वाचवण्यासारखे फारसे काही उरले नसते आणि मी सरळ नवा असेंबल करायला सांगितले असते. मॉनिटर १४४०पीचा घेण्याचा विचार असेल तर तो मात्र हिशेबात धरावा: १०८०पीच्या सुमारे १.८ पट पिक्सेल काढावे लागल्याने भार कार्डाकडे सरकतो, प्रोसेसरचे उणेपण कमी जाणवते, आणि दुसरा टप्पा काही काळ पुढे ढकलता येतो.

बोर्ड बदलण्याआधी विंडोजचे लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावे, डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवावी, आणि विंडोज नव्याने टाकावे. नवा कूलर बोर्डाच्या सॉकेटसाठी आहे ना, हेही पाहावे. एलजीए११५१ चा कूलर एलजीए१७०० वर थेट बसत नाही, मात्र १२४००एफ च्या खोक्यात त्याचा स्वतःचा कूलर येतो. त्या नावातल्या ‘एफ’चा अर्थ असा की त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच उमटत नाही. त्यामुळे जीटीएक्स १०६० लगेच विकू नये. वॉरंटी असेपर्यंत नवे कार्ड दुरुस्तीला द्यावे लागले, किंवा दोष कार्डात आहे की बोर्डात हे ओळखायचे झाले, तर तपासणीसाठी हे जुने कार्ड हाताशी असलेले बरे.