एक्स-रे नसताना गावात बाळाचा न्यूमोनिया कसा ओळखतात?

श्वास मोजून. पापुआ न्यू गिनीत डॉ. फ्रँक शान यांनी खोकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की श्वासाचा वेग ही भरवशाची खूण आहे. त्याच वाटेवर डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे जंतुनाशक औषध (अँटिबायोटिक) द्यायला शिकवलं. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : बालमृत्यू घटले होते.

खोकला किंवा धाप असेल तर मिनिटाला 2 महिन्यांखाली 60, 2 ते 12 महिने 50, 1 ते 5 वर्षं 40 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला.

चूक होते ती मोजण्यातच. बाळ रडत किंवा दूध पीत असताना मोजलं, तर आकडा फुगतो. आईच्या मांडीवर शांत होऊ द्या, अंगडं वर करा, पोटाकडे बघा. वर-खाली मिळून एकच श्वास. पूर्ण 60 सेकंद मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्यांचा श्वास मध्येच थांबतो, मग भरभर चालतो. तान्ह्याचे 60 भरले तर पुन्हा मोजा.

शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्यांसाठी गडचिरोलीत मण्यांचं साधन केलं : दहा श्वासांना एक मणी, शेजारी मिनिटाची वाळूची घडी. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. फार सुंदर युक्ती!

श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, सुस्त असेल किंवा झटके आले, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. 2 महिन्यांखालच्या बाळाचा नुसता वेग वाढला तरी तेच.