नातवाच्या शाळेसाठी सरपंचाकडे कशाला जायचं?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई गेल्या महिन्यात फ्रान्समधे क्रूझ जिल्ह्यातल्या एका गावात राहायला गेलेत, वस्ती जेमतेम आठशे. नातू ३ वर्षांचा. शाळेत विचारलं तर म्हणे आधी मेरीत जा, म्हणजे त्यांची ग्रामपंचायत. तर ती बंद, आठवड्यातून दोनच दिवस उघडते! शाळेशी सरपंचाचा काय संबंध? आणि या दोघांना तिथे मत देता येईल का? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, शाळेतल्या बाईंनी बरोबरच सांगितलं. तिकडे प्राथमिक शाळेची इमारत, डागडुजी, दुपारच्या जेवणाची सोय हे सगळं गावाचं, शिक्षकांचा पगार मात्र सरकारचा, त्यामुळे नाव आधी मेरीत नोंदवायचं. आणि २०१९ पासून ३ वर्षांच्या मुलाचं शिक्षण सक्तीचं आहे त्यामुळे उशीर नको. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाचे कागद तयार ठेवायला सांगा, दाखल्याचं फ्रेंच भाषांतर बहुतेक मागतीलच, ते तिथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

दोन दिवसांचं म्हणाल तर छोट्या गावात असंच असतं. सगळा कारभार एका सेक्रेटरी बाईंवर चालतो आणि माझ्या मते गावातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती त्याच, त्यांच्याशी ओळख करून घ्या. सरपंच म्हणजे मेर, त्यांना पगार नाही, मानधन मिळतं, बरेच जण आपली शेती नाहीतर नोकरी सांभाळून हे करतात. जन्म-मृत्यूची नोंद त्यांच्याकडे, लग्नसुद्धा कायद्याने मेरीतच लागतं, चर्चमधलं त्यानंतर.

पण सगळंच मेरीत होत नाही हं. कचरा आसपासच्या गावांनी मिळून केलेल्या संघाकडे असतो, पाणी कुठे गावाकडे कुठे संघाकडे, बिलावर बघा. रेसिडेन्स परमिटसाठी प्रीफेक्चर, म्हणजे सरकारचं जिल्ह्याचं कार्यालय, मेरीत त्यासाठी खेटे घालू नका.

आता मताचं. भारतीय पासपोर्टवर मत नाही. युरोपियन युनियनच्या नागरिकांना गावच्या निवडणुकीत आहे, आपल्याला नाही, आणि मला हे मनापासून खटकतं कारण टॅक्स भरतात, मूल त्याच शाळेत जातं. आपल्याकडे आता सरपंच थेट निवडतो ना, तिथे लोक ६ वर्षांसाठी सदस्य निवडतात आणि ते आपल्यातून मेर निवडतात. हजाराच्या आतल्या गावात पूर्वी मतपत्रिकेवरची नावं खोडता यायची, मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून ते बंद, आता पूर्ण यादीलाच मत आणि यादीत एक बाई एक पुरुष अशी नावं.

मत नसलं तरी या सदस्यांच्या सभांना बसता येतं, त्या सगळ्यांना खुल्या असतात, फक्त मधे बोलायचं नाही. आणि ११ नोव्हेंबरला गावातल्या युद्धस्मारकापाशी कार्यक्रम असतो, पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं वाचतात, मेर स्वतः असतात, नंतर हॉलमधे सगळे थोडा वेळ थांबतात. नातवाला घेऊन जायला सांगा.